सावलीचं माप

दुपारी पावणेबाराला, सोफिया शहरातल्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये कुठेतरी नेवेनाचा फोन वाजला आणि त्रिफोन मिस्त्रीनं सांगितलं, की माप घेतलं. "कुणाचं?" असं तिनं विचारलं. विचारायची काही गरज नव्हती, पण न विचारणं बरं दिसलं नसतं. "तुमच्या ताईचं," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही सातला बसा म्हणालात, पण ती साडेसहालाच आली. ऊन यायच्या आधी. आली ती उभीच राहिली, हलेचना. दोरा आता डबीत ठेवलाय, दुपारी भिंतीत घालतो. नको असेल तर आत्ता सांगा बाई, चुना आवळला की मग भिंत फोडावी लागेल." लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबली. दार उघडलं. हिशेब खात्यातली एक बाई हातात कॉफी घेऊन आत यायला उभी होती, तिच्या नव्या बुटांकडे नेवेनाचं लक्ष गेलं, आणि त्या बुटांकडे बघत बघतच ती फोनमध्ये म्हणाली, "ठीक आहे." आपण हे कॉफीवाल्या बाईला म्हणालो की मिस्त्रीला, हे ती नंतर बराच वेळ ठरवू पाहत होती. पण मिस्त्रीनं फोन ठेवला होता, म्हणजे त्याला ते कळलं होतं.

टेबलाशी बसून तिनं हॉटेलांच्या पडद्यांचे नमुने पुढे ओढले. तिचं कामच ते, दुसऱ्यांच्या खोल्या सुंदर करून द्यायच्या. करड्या कापडावरून ती बोट फिरवत राहिली आणि बोटाला काही लागेना, जणू ते दुसऱ्याच कुणाचं होतं. मी नाव घेतलं नव्हतं, ती मनात म्हणाली. हे खरंच होतं. नऊ दिवसांपूर्वी गावच्या घराच्या नदीकडच्या भिंतीला तिसऱ्यांदा, त्याच जागी, तीच भेग गेली तेव्हा त्रिफोननं टोपी काढून डोकं खाजवलं होतं आणि म्हटलं होतं, की इथे आधी कोंबडा कापायला हवा होता. पायावर रक्त पडल्याशिवाय जुनी वास्तू नवं काम धरत नाही. नेवेनानं कोंबड्याला साफ नकार दिला. मुका जीव, आणि शिवाय दगडावर डाग पडला तर फोटोत दिसेल. "मग सावली," मिस्त्री म्हणाला. जुन्या गवंड्यांची चाल तिला ठाऊक होती, त्या डोंगरात जन्मलेल्या कुणाला ठाऊक नाही. सकाळी जी पहिली सावली कामावर पडेल तिची लांबी दोऱ्यानं मोजायची आणि तो दोरा भिंतीत चिणायचा. भिंत टिकते. ज्याची सावली, तो चाळीस दिवसांत जातो आणि पुढे त्या घराचा राखणदार होऊन राहतो. नेवेना हसली होती. ती असल्या गोष्टी मानत नव्हती, आणि मानत नसल्यामुळे तिला त्यात काही गैरही वाटलं नाही. "घ्या कुणाची घ्यायची ती," ती म्हणाली, "मला भिंत उभी हवी." आणि गाडीत बसता बसता, काच खाली करून, "सकाळी सातला बसा. त्या वेळी ऊन चांगलं येतं." बस, एवढंच. सात वाजता त्या वाटेनं नदीवर सूत धुवायला फक्त एक माणूस जातं हे सगळ्या गावाला माहीत होतं, मिस्त्रीलाही होतं. मग ते आपण सांगितलं असं कसं म्हणता येईल? नामानिराळं राहण्यात ती लहानपणापासून पटाईत होती. फुटलेल्या बशीजवळ कायम गिनाच उभी सापडायची.

गिना तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही. प्लोव्दिवच्या पलीकडे डोंगरात, नदीला लागून आजोबांचं सूत रंगवायचं घर होतं, खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या, मागच्या खोलीत जमिनीत उतरवलेला निळीचा दगडी हौद. बाप गेला तेव्हा घर दोघींच्या नावे अर्धं अर्धं झालं. नेवेनाचं अर्धं कागदावर राहिलं आणि गिनाचं अर्धं तिच्या हातांवर, कोपरापर्यंत निळं. अजून आसपासच्या चार-पाच बायका तिच्याकडे सूत रंगवायला आणायच्या. निळीचा हौद जिवंत असतो असं ती म्हणायची, त्याला कोंडा घालायचा, ऊब द्यायची, रोज ढवळायचं, वास बिघडला की समजायचं याचं पोट दुखतंय. वास तर चांगला असतानाही असा यायचा, की सोफियाहून कुणाला घेऊन जायची नेवेनाला लाज वाटे. दोन वर्षांपूर्वी तिनं ठरवलं, की या घराचं पाहुण्यांसाठी देखणं, महागडं निवासस्थान करायचं. नकाशात सगळ्यात सुंदर खोली मागचीच निघाली, नदीवर उघडणारी खिडकी, लाकडी छत, आणि मधोमध तो हौद. घासून, आतून पॉलिश करून त्याचा न्हाणीचा टब होणार होता. त्यात गळ्यापर्यंत बुडून पाहुण्यांनी नदी बघायची. असा टब सबंध देशात कुणाकडे नव्हता. गिनानं भांडण केलं नाही. नाही म्हणाली नाही आणि हो म्हणाली नाही. "तुला हवं ते कर गं बाकीच्या घराचं," एवढंच म्हणाली, "हौद जिवंत आहे तोवर ही खोली राहू दे." आणि नेवेनानं आणलेला संमतीच्या सहीचा कागद तिनं साखरेच्या डब्याखाली ठेवून दिला. तो तिथेच राहिला. नेवेनानं पुढची खोली केली, वरच्या दोन्ही केल्या. पांढऱ्या चुन्याचे तीन हात दिले तरी भिंतीतून निळे डाग वर यायचे, कामगार म्हणायचे घर घामेजतंय. बहिणीवर राग धरायला तिला काही कारण सापडत नव्हतं. राग मात्र होता, रोज थोडा वाढत होता, आणि कारण नसल्यामुळे तो कुठे बाहेरही काढता येत नव्हता.

त्या दुपारी चुना ओला होता तोवर तिनं तीनदा फोन हातात घेतला. एकदा तर नाव उघडून त्याकडे बघत बसली. आणि नेमकं तेव्हाच, पडद्यांच्या ढिगाऱ्यात बसून, तिला ती जुनी उन्हं आठवली, जी तिनं चाळीसएक वर्षांत आठवली नव्हती. शाळेच्या वाटेवर गावाची नवी पंचायत बांधत होते. आई बजावायची, बांधकामापाशी रेंगाळू नका, लांबून जा. लांबून जायला वाट नव्हती. तेव्हा गिना, चौदा-पंधरा वर्षांची, पायांनी लांबलचक, उन्हाच्या बाजूनं चालायची आणि धाकटीला आपल्या आतल्या अंगाला घ्यायची, असं, की धाकटीची सावली थोरलीच्या सावलीत पुरी बुडून जावी. "पाय माझ्या पायात टाक," म्हणायची. "वेणी बाहेर दिसतेय तुझी, डोकं वाकव." जमिनीवर एकच सावली सरकायची, जाड, चार पायांची. गवंडी हसायचे. एकदा नेवेनानं मुद्दाम हात बाहेर काढून नाचवला, तर गिनानं तिला असा चिमटा काढला, की रात्रीपर्यंत हुळहुळत होतं. त्या चिमट्याची जागा तिनं आता बाहीवरून चाचपली. साडेचार वाजले. चुना एव्हाना आवळला असेल. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटण्याची तिला किळस आली, आणि मग भूक लागली. खाली जाऊन तिनं उभ्याउभ्या चीज भरलेल्या बानित्साचे दोन तुकडे खाल्ले.

त्यानंतर ती रोज गिनाला फोन करू लागली. आधी महिना महिना करत नसे. "हल्ली फार आठवण येते तुला," गिना म्हणायची आणि तिच्या आवाजात असा आनंद असायचा, की नेवेनाला फोन कानापासून लांब धरावासा वाटे. बोलणं काहीच नसायचं, शेळीचं दूध, नदीचं पाणी, भाकरीचं पीठ. नेवेना शब्द ऐकतच नव्हती, मधला श्वास ऐकत होती. पाचव्या दिवशी गिना खोकली. नेवेनानं फोन कानाला घट्ट दाबला. "काय झालं?" तिनं विचारलं. "मिरपूड गेली घशात," गिना म्हणाली. फोन ठेवल्यावर नेवेनानं स्वतःला विचारलं, की आत्ता जे वाटलं ती भीती होती का, आणि खरं उत्तर समोर येताच उठून भांडी घासायला लागली. मनात दिवस मोजणारा जो कुणी होता, तो तिला न विचारता मोजत होता. सहा. सात. ट्रॅममध्ये कुठल्याही म्हाताऱ्या बाईला खोकला आला, की तो मान वर करायचा.

बाराव्या दिवशी ती गावी गेली. भिंत उभी होती. भेगेचा मागमूस नव्हता, दगड न् दगड जागच्या जागी, आणि नेवेना भेगेच्या जागी बोट फिरवून बघत राहिली. त्रिफोन सामान बांधत होता, गुरुवारपासून त्याला ग्रीसमध्ये काम लागलं होतं. त्यानं तिला भिंतीआड नेलं, खिशातून तंबाखूची चपटी डबी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. आत निळ्या दोऱ्याचं भेंडोळं होतं, चांगलं मोठं, कोवळ्या उन्हातली सावली माणसाच्या चौपट लांब असते. "नाही घातला," तो म्हणाला. "हात होईना. एकसष्ट वर्षांची बाई, समोर उभी राहून म्हणते नीट मोजा. भिंतीत दोन लोखंडी सळया घातल्यात, ती शंभर वर्षं हलत नाही. मी नुसतं बोललो बाई, तुम्ही तरी नाही म्हणायला हवं होतं." मिस्त्री जमिनीकडे बघत होता. "तिला वाटतंय दोरा आत आहे. वाळत चाललीय. मी सांगितलं तर म्हणेल म्हातारा समजूत काढतोय. तुम्ही हा तिच्या हातात द्या. एवढं करा."

घराच्या पायऱ्या चढताना ती सांगणारच होती. हे तिनं पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं आणि ते खोटंही नव्हतं. वाक्य तयार होतं, ताई, हा घे तुझा दोरा. पिशवीत हात घालून तिनं डबी उघडलीही होती. मागच्या खोलीत गिनानं खिडकीशी दोरीवर कपडे वारा द्यायला टांगले होते, काळा झगा, पांढरी चादर, न वापरलेले मोजे, डोक्याचा रुमाल. मरणाचे कपडे. त्या गावातली प्रत्येक बाई पन्नाशीनंतर ते गाठोड्यात बांधून ठेवते आणि वर्षातून एकदा वारा देते, त्यात नवल नाही. पण गिना एकेक काढून त्यांना इस्त्री करत होती. ती खरंच वाळली होती, गालाची हाडं वर आली होती. नेवेनाला बघून तिचा चेहरा फुलला. तिनं तिला बसवलं, ताक दिलं, आणि सरळच बोलली. "तुला माहीत नसेल म्हणून सांगते. मिस्त्रीनं माझी सावली घेतलीय." नेवेना ताकाकडे बघत राहिली. "आदल्या संध्याकाळी मूर्ख माझ्याकडेच दोरा मागायला आला. लांब हवा, म्हणे. मला तेव्हाच कळलं. आणि तू मंगळवारी पहाटे येणार म्हणाली होतीस ना?"

म्हणाली होती. नेवेना नेहमीच येणार म्हणायची, आणि कधी येत नसे, म्हणायला काय जातं.

"तू गाडीतून उतरून पहिली भिंतच बघायला धावतेस," गिना म्हणाली. "रात्रभर डोळा नाही लागला. म्हटलं तिच्या आधी गाठायला हवं. ऊन येईपर्यंत उभी राहिले, पाय बर्फ झाले माझे. म्हटलं कुणाची तरी पडणारच, तर माझी पडू दे. तुझं अजून सगळं व्हायचंय." आणि हसली. "उंच असण्याचा फायदा बघ, भरपूर मिळाली असेल त्याला."

पिशवीत नेवेनाची बोटं दोऱ्यात रुतली होती. तिला रडू आलं, अगदी खरं, आतून, आणि त्या रडण्यात ते वाक्य ओठांपर्यंत आलं. त्याच वेळी गिनानं साखरेच्या डब्याखालून सहीचा कागद काढला. "हे बघ, मी गेल्यावर चुलते उठतील, तुला कोर्टात फिरवतील. त्यापेक्षा जितेपणी माझं अर्धं तुझ्या नावे करते. शुक्रवारी नोटरीकडे जाऊ. हौदही मीच रिकामा करेन, तुला त्याचा वाससुद्धा लागणार नाही." बाहेर मिस्त्रीची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग लांब गेला. दोन वर्षं ज्यासाठी तिनं नाना परीनं विनवलं ते पानावर वाढून समोर आलं होतं. सुंठीवाचून खोकला गेला, आईचं वाक्य, आईच्याच आवाजात तिच्या डोक्यात वाजलं. तिनं डोळे पुसले.

"शुक्रवारी किती वाजता?" ती म्हणाली.

सही झाली की सांगायचं, असं तिनं ठरवलं. शनिवारी, जेवताना, हसत हसत. काय गं वेडी तू ताई, हा बघ दोरा. दोघी हसतील. कागद कागदाच्या जागी राहील, त्यानं कुणाचं काय बिघडतं, आपण काय तिला घराबाहेर काढणार आहोत? नोटरीच्या खोलीत गिनानं लग्नाला जावं तसा रुमाल बांधला होता. तिच्या निळ्या बोटांना पेन नीट धरता येईना तेव्हा नोटरीच हसला आणि म्हणाला, ताई, शाईची गरजच नाही तुम्हाला. शनिवारी जेवताना शेजारीण येऊन बसली, म्हणून राहिलं. रविवारी नेवेनाला लवकर निघायचं होतं. मग असं लक्षात आलं, की आता सांगितलं तर ती विचारेल, तुला कधीपासून माहीत? प्रत्येक दिवसागणिक सांगणं थोडं अवघड होत गेलं, आणि अवघड झालं म्हणून राहत गेलं. फोनवर गिना सांगायची, शेळी शेजारणीला दिली. पलंग देऊन टाकला, खाली निजते, बरं वाटतं पाठीला. भांडी वाटली. सत्ताविसाव्या दिवशी हौद रिकामा केला. ऐंशी वर्षांत पहिल्यांदा. बादलीनं नदीत ओतत होती दिवसभर, पुलापर्यंत नदी निळी गेली, मुलं बघायला आली होती, असं सांगून तिनं विषय बदलला. दुसऱ्याच दिवशी नेवेनानं पॉलिशवाल्यांना पाठवलं. त्यांना पुढच्या तारखा नव्हत्या.

अडतिसाव्या दिवशी फोटो काढायचे होते. इलिन्का नावाची फोटोवाली प्लोव्दिवहून आली, मोजकं बोलणारी, काम चोख. घर सुरेख दिसत होतं. हौद आरशासारखा लखलखत होता, कडेला पांढरे टॉवेल, खिडकीत नदी. डाग वर येत होते तिथे नेवेनानं जाड पडदे सोडले होते. एक जूनपासून सगळ्या खोल्या भरल्या होत्या, मागची तर ऑक्टोबरपर्यंत. गिना अंगणात बाकावर गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. शेवटचे दोन दिवस उगाच पायात यायला नको म्हणून ती शेजारणीच्या कोठीत राहायला गेली होती, तेही तिचं तिनंच ठरवलं. ती वाळली होती पण तिला काहीही झालेलं नव्हतं. ताप नाही, खोकला नाही. नाडी तर इतकी ठणठणीत, की मनगटावर उडताना दिसायची. तिलाच त्याचं हसू येत होतं. "दोन दिवस राहिले आणि मला मेलीला भूक लागतेय," ती म्हणाली. मग नेवेनाकडे न बघता, "आणि नाहीच मेले तर गं?"

नेवेना पिशवीत चष्मा शोधत होती. डबी कधीच उघडून दोरा तळाशी पसरला होता, किल्ल्यांत, लिपस्टिकमध्ये गुंतला होता. टाकून द्यायचं रोज ठरायचं. हात बाहेर काढला तर बोटांची टोकं निळी झाली होती. गिनानं तो हात धरला. उन्हात वळवून बघितला. जन्मभर त्या रंगात हात घातलेल्या बाईला तो कुठूनही ओळखता आला असता. "कुठे लागलं?" तिनं विचारलं. "पडद्याला," नेवेना म्हणाली. गिनानं रुमालाचं टोक जिभेला लावून ओलं केलं आणि एकेक बोट पुसायला लागली, लहानपणी शाई पुसायची तशी, नखांच्या कडेपर्यंत, सावकाश. वर एकदाही बघितलं नाही. "लगेच जात नाही हा," ती म्हणाली आणि हात सोडून दिला.

मग बाहेरचा फोटो राहिला होता, नदीकडच्या भिंतीचा, उतरत्या उन्हात. तोच फोटो सगळ्यात वर लागणार होता. इलिन्कानं कॅमेरा लावला, डोळा लावला, पुन्हा काढला. म्हाताऱ्या माणसाला कसं सांगावं म्हणून ती नेवेनाकडे बघू लागली. गिना उठून उभी राहिली होती, गाठोडं छातीशी धरून घराकडे बघत होती, आणि तिची लांबच लांब सावली अंगणातून जाऊन भिंतीवर चढली होती, जिथे भेग होती बरोबर तिथे. नेवेनाला वाटलं आता, आत्ताच, दोन पावलं पुढे होऊन तो दोरा हातात द्यावा. ऊन जायला दहा मिनिटं होती.

"ताई," ती म्हणाली, "जरा बाजूला हो. भिंतीवर तुझी सावली पडतेय."

गिना लगेच सरली. "आणखी?" तिनं विचारलं. आणखी थोडी, नेवेना म्हणाली. गिना पाठमोरी न होता मागे मागे सरत राहिली, जाईच्या वेलापर्यंत, मग फाटकापर्यंत, मग फाटकाच्या बाहेर, रस्त्यावर. भिंत उन्हात स्वच्छ झाली. रस्त्यावरून हात वर करून तिनं विचारलं, आता?

"ठीक आहे," नेवेना म्हणाली.